२>&१ नेमकं काय करतं?

सर्व्हरवरची कुठलीही जुनी क्रॉनटॅब (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कमांडची यादी) उघडा. एखादी तरी ओळ अशी संपलेली सापडेल:

    > /डेव्ह/नल २>&१

आउटपुट आणि एरर दोन्ही /डेव्ह/नल या सगळं गिळून टाकणाऱ्या फाइलीकडे वळवणारी ही शेपटी लोक पाठ करतात, एका स्क्रिप्टमधून दुसरीत चिकटवतात आणि काम होतंय म्हटल्यावर तिच्याकडे परत बघत नाहीत. गडबड होते ती क्रम उलटा पडला की. आधी २>&१ आणि मग > /डेव्ह/नल असं लिहिलं, तर एरर स्क्रीनवर येतच राहतात. मग माणूस दोन्ही तुकड्यांची अदलाबदल करून बघतो, चाललं की सोडून देतो. का चाललं, हे मात्र कळलेलं नसतं.

खरं तर इथे पाठ करण्यासारखं काहीच नाही. प्रत्येक प्रोसेसपाशी, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रामपाशी, एक छोटा तक्ता असतो आणि रिडायरेक्शन म्हणजे प्रोग्राम सुरू होण्याआधी त्या तक्त्यातल्या नोंदी बदलणं. तो तक्ता डोळ्यांसमोर आणता आला की यातली कुठलीही ओळ, कितीही विचित्र दिसली तरी, डावीकडून उजवीकडे वाचत उलगडता येते.

पुढच्या उदाहरणांबद्दल आधीच सांगतो. कमांड, पर्याय आणि व्हेरिएबल यांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती मूळ रोमन स्पेलिंगनेच टंकायची. आकडेही तिथे इंग्रजीच हवेत. कीबोर्ड मराठीवर असताना २ टंकला, तर शेलला, म्हणजे टंकलेल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामला, तो तक्त्यातला नंबर वाटतच नाही. साधा शब्द समजून ते तो कमांडच्या हातात देऊन टाकतं. फाइलींची नावं मात्र खुशाल देवनागरीत ठेवा. आजच्या लिनक्सवर ती बिनतक्रार चालतात, आणि पुढे एका ठिकाणी त्याचा आपल्याला उपयोगही होणार आहे.

तक्ता

प्रोग्रामला फाइल हवी असली की तो कर्नलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे, मागतो. कर्नल फाइल उघडतो आणि बदल्यात एक पूर्णांक देतो, समजा ३. यापुढे वाचणं, लिहिणं, बंद करणं हे सगळं त्या आकड्यावर चालतं. फाइलीचं नाव पुन्हा निघत नाही. देवळाबाहेर चपला ठेवल्यावर मिळणाऱ्या बिल्ल्यासारखा हा प्रकार आहे. बिल्ल्यावरच्या आकड्याचा चपलेशी काही संबंध नसतो, पण मागायची वेळ आली की तोच दाखवायचा. या आकड्याला फाइल डिस्क्रिप्टर म्हणतात.

तक्त्यात एका बाजूला हे आकडे आणि दुसऱ्या बाजूला प्रत्येक आकडा कुठे बोट दाखवतोय त्याची नोंद. पलीकडे फाइल असेल, टर्मिनल असेल, पाइप (एका प्रोग्रामचं आउटपुट दुसऱ्याला देणारी नळी) असेल, नेटवर्कवरचं सॉकेट असेल. प्रोग्रामला फरक पडत नाही. नवा नंबर देताना कर्नल रिकाम्या नंबरांपैकी सगळ्यात लहान देतो, आणि ही पद्धत ठरलेली आहे.

पहिले तीन नंबर प्रोग्रामला आयते मिळतात. ० वरून वाचायचं, १ वर नेहमीचं आउटपुट लिहायचं, २ वर एरर आणि सूचना लिहायच्या. कर्नलच्या दृष्टीने या तिघांत काही खास नाही. ही प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी पाळलेली शिस्त आहे, आणि गेली जवळजवळ पन्नास वर्षं ती टिकली आहे.

हे नंबर येतात कुठून? वारशाने. शेल कमांड चालवतं तेव्हा आधी फोर्क करून स्वतःची एक प्रत काढतं. त्या प्रतीत तक्ताही जसाच्या तसा उतरतो. मग ती प्रत एक्झेक करून नव्या प्रोग्रामचं रूप घेते. प्रोग्राम बदलतो, तक्ता तोच राहतो. लिनक्सवर फाइलींची यादी देणाऱ्या एलएसने तो प्रत्यक्ष बघता येतो:

    एलएस -एल /प्रॉक/$$/एफडी

$$ म्हणजे चालू शेलचा प्रोसेस नंबर. उत्तरातला कामाचा भाग साधारण असा दिसतो:

    ० -> /डेव्ह/पीटीएस/०
    १ -> /डेव्ह/पीटीएस/०
    २ -> /डेव्ह/पीटीएस/०
    २५५ -> /डेव्ह/पीटीएस/०

तिन्ही नंबर एकाच टर्मिनलकडे बोट दाखवतायत. म्हणूनच आउटपुट आणि एरर स्क्रीनवर एकत्र दिसतात आणि ते एकच असल्याचा भास होतो. (२५५ ही बॅश या शेलने स्वतःच्या कामासाठी बाजूला ठेवलेली टर्मिनलची प्रत आहे. तिच्याकडे दुर्लक्ष करा.)

> लिहिल्यावर काय घडतं

    एलएस > यादी

शेल स्वतःची प्रत काढतं. ती प्रत 'यादी' ही फाइल लिहिण्यासाठी उघडते. नसेल तर तयार करते, असेल तर आतला मजकूर पुसून लांबी शून्य करते. नंबर मिळतो, समजा ३. मग डप२ नावाचा सिस्टिम कॉल करून ३ ची नोंद १ च्या जागी उतरवली जाते आणि ३ बंद केला जातो. आता १ च्या समोर टर्मिनलऐवजी 'यादी' आहे. एवढं सगळं झाल्यावर एलएस सुरू होतो. तो नेहमीसारखा १ वर लिहितो आणि मजकूर फाइलीत जातो.

एलएसला > हे चिन्हही दिसलेलं नसतं आणि 'यादी' हे नावही. मुद्दाम चौकशी केली तरच त्याला समजतं की १ च्या पलीकडे टर्मिनल नाही. एलएस ती चौकशी करतो, म्हणून स्क्रीनवर रकान्यांत दिसणारी नावं फाइलीत एकाखाली एक येतात.

हे काम शेलचं आहे आणि ते आधी उरकतं, एवढं लक्षात आलं की वर्षानुवर्षं लोकांना छळणाऱ्या दोन गोष्टींचा उलगडा होतो.

पहिली:

    सॉर्ट यादी > यादी

यादी क्रमाने लावायला गेलो आणि हातात रिकामी फाइल आली. सॉर्टचा यात काडीचाही दोष नाही. तो सुरू होण्याआधीच शेलने फाइल पुसली होती, त्याला वाचायला काही उरलंच नव्हतं. यासाठी सॉर्टला -ओ हा पर्याय आहे: सॉर्ट -ओ यादी यादी. तो सगळं वाचून झाल्यावरच लिहायला घेतो. महत्त्वाच्या फोल्डरमध्ये काम करताना सेट -सी (सी कॅपिटल) देऊन ठेवावं. मग आधीच असलेल्या फाइलीवर लिहायला > नकार देतं, आणि खरंच पुसायची असेल तेव्हा >| वापरता येतं.

दुसरी:

    सुडो इको नवी-ओळ >> /ईटीसी/होस्ट्स

सुडो लावूनही परवानगी नाकारली जाते. कारण सुडोमुळे रूटचे, म्हणजे व्यवस्थापकाचे, अधिकार मिळाले ते इकोला, आणि इकोला त्यांची गरजच नव्हती. फाइल उघडतंय तुमचं शेल, तुमच्याच अधिकारात. म्हणून फाइल उघडण्याचं काम सुडोखाली चालणाऱ्या प्रोग्रामकडे द्यावं लागतं:

    इको नवी-ओळ | सुडो टी -ए /ईटीसी/होस्ट्स

टी हा आलेला मजकूर फाइलीत लिहितो. इथे -ए विसरू नका. त्याच्याशिवाय टी आधीचा सगळा मजकूर पुसतो.

दोन नंबर कशासाठी

एरर वेगळ्या नंबरवर पाठवायची सोय युनिक्समध्ये पहिल्यापासून नव्हती. बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन यांनी लिहिलेल्या शेलमध्ये १९७१ मध्येच < आणि > होते. १९७३ मध्ये डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहातून पाइपही आला. पण प्रोग्रामच्या तक्रारी नेहमीच्या आउटपुटमध्येच मिसळत. स्टीव्ह जॉन्सन यांनी याची एक आठवण सांगितली आहे. लॅबमध्ये फोटोटाइपसेटर हे छपाईचं यंत्र आलं. त्यातून निघालेला कागद उग्र वासाच्या डेव्हलपिंग मशीनमध्ये घालून काही मिनिटं वाट बघावी लागे. एका दुपारी अनेकांच्या हाती एकच गोष्ट लागली: लांबलचक कागदावर सुबक टाइपात छापलेली एकच ओळ, की फाइल उघडता आली नाही. कुरकुर योग्य माणसांच्या कानावर गेली आणि दोनएक दिवसांत स्टँडर्ड एरर जन्माला आला.

पण तो हवा तिकडे वळवायची सोय शेलमध्ये यायला आणखी वेळ लागला. १९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर स्टीव्ह बॉर्न यांचं शेल आलं आणि त्याबरोबर चिन्हाच्या आधी नंबर लिहायची पद्धत आली. नुसतं > म्हणजे १>, नुसतं < म्हणजे ०<. एरर वेगळे हवे असतील तर:

    एलएस हजर गायब > यादी २> चुका

'हजर' नावाची फाइल आहे, 'गायब' नाही असं धरा. 'यादी'त हजर येईल, 'चुका'मध्ये तक्रार. २ आणि > यांच्यामध्ये जागा सोडायची नाही. सोडली तर २ हे तिसऱ्या फाइलीचं नाव ठरतं.

आता २>&१

बहुतेक ठिकाणी याचा अर्थ "एरर आउटपुटमध्ये मिसळा" किंवा "२ ला १ मध्ये ओता" असा शिकवतात. मला हे शिकवणंच गोंधळाचं मूळ वाटतं. त्यातून असं चित्र उभं राहतं की २ हा १ ला कायमचा जोडला गेला, आणि १ जिथे जाईल तिथे २ मागोमाग जाणार. तसं होत नाही. २>&१ ही फक्त नक्कल आहे: या घडीला १ जिकडे बोट दाखवतोय, तीच नोंद २ च्या समोर उतरव. आत तोच डप२ कॉल आहे. नक्कल झाली की दोघांचा संबंध संपला.

& हे चिन्ह शेलला एवढंच सांगतं की पुढचा १ हा डिस्क्रिप्टरचा नंबर आहे. ते गाळून २>१ लिहिलंत, तर फोल्डरमध्ये '१' नावाची फाइल तयार होते आणि एरर तिच्यात जाऊन बसतात. नंबरांच्या नावाच्या अनाथ फाइली ज्या सर्व्हरवर दिसतात, तिथे बहुधा हेच झालेलं असतं.

आता क्रम तपासू. सुरुवातीला १ आणि २ दोन्ही टर्मिनलकडे.

    एलएस हजर गायब > सगळं २>&१

पहिली पायरी: १ 'सगळं'कडे वळला. दुसरी: १ ची आत्ताची नोंद २ मध्ये उतरवली, म्हणजे २ ही 'सगळं'कडे. दोन्ही फाइलीत.

    एलएस हजर गायब २>&१ > सगळं

पहिली पायरी: १ ची आत्ताची नोंद म्हणजे टर्मिनल, ती २ मध्ये उतरवली. २ आधीही टर्मिनलकडेच होता, त्यामुळे काहीच बदललं नाही. दुसरी: १ 'सगळं'कडे गेला. २ राहिला टर्मिनलवर. शेलने सांगितलं ते सांगितलेल्या क्रमाने केलं.

क्रॉनबद्दल माझं मत इथेच नोंदवतो. दोन्ही नंबर /डेव्ह/नलकडे वळवणं म्हणजे रात्री तीनला बॅकअप फसला तर तो गुपचूप फसेल याची व्यवस्था करणं. निदान >> लॉग २>&१ लिहा. >> मध्ये फाइल पुसली जात नाही आणि प्रत्येक वेळी लिखाण शेवटालाच होतं.

एकच फाइल दोनदा उघडली तर

इतकं समजल्यावर एक प्रश्न साहजिक येतो. & ची भानगड कशाला? दोन्हीकडे फाइलीचं नाव लिहिलं की झालं:

    एलएस हजर गायब > सगळं २> सगळं

करून बघा. 'सगळं' फाइल उघडल्यावर इंग्रजी संदेशातलं हे एवढंच सापडतं:

    हजर
     ॲक्सेस 'गायब': नो सच फाइल ऑर डिरेक्टरी

पूर्ण संदेश "एलएस: कॅनॉट ॲक्सेस 'गायब'…" असा असतो. त्याचं तोंड कुणी खाल्लं?

उत्तरासाठी तक्त्याच्या एक पायरी खाली उतरावं लागतं. तक्त्यातली नोंद थेट फाइलीकडे जात नाही. ती कर्नलमधल्या एका उघडलेल्या फाइलीच्या नोंदीकडे जाते, आणि त्या नोंदीत इतर गोष्टींबरोबर एक जागा लिहिलेली असते: पुढचं अक्षर फाइलीत कितव्या बाइटवर पडणार. फाइल दोनदा उघडली, तर अशा दोन स्वतंत्र नोंदी होतात आणि दोन स्वतंत्र जागा. दोन्ही शून्यावर. एलएसने आधी २ वर तक्रार लिहिली. २ ची जागा पुढे सरकली, १ ची शून्यावरच राहिली. मग त्याने १ वर हजर लिहिलं, ते फाइलीच्या सुरुवातीलाच, तक्रारीच्या डोक्यावर.

किती खाल्लं हेही मोजता येतं. 'हजर'मधलं प्रत्येक अक्षर यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं, म्हणजे ९, आणि ओळ तोडणारा १. एकूण १०. मूळ रोमन लिपीत "एलएस: कॅनॉट" एवढ्या मजकुराचीही, मधल्या जागेसकट, नेमकी १० अक्षरं होतात. तेवढीच गेली.

२>&१ मध्ये फाइल एकदाच उघडते. दोन्ही नंबर एकाच नोंदीकडे आणि एकाच जागेकडे बघतात. एकाने लिहिलं की दुसऱ्यासाठीही जागा पुढे सरकते, म्हणून कुणी कुणाला पुसत नाही. नक्कल करायची ती यासाठी.

मजकूर शाबूत राहिला तरी लॉगमधला क्रम कधी कधी उलटसुलट दिसतो, त्याचं कारण मात्र शेलबाहेरचं आहे. सी लायब्ररी टर्मिनलवर ओळ संपली की लिहिते, पण १ फाइलीकडे असेल तर मजकूर साठवून एकदम लिहिते. २ वरचं मात्र लगेच जातं. त्यामुळे नंतरचा एरर आधी उमटतो.

पाइप आणि नंबर

पाइप फक्त १ नेतो. मेक या प्रोग्राम बांधणाऱ्या कमांडच्या एररमध्ये ग्रेपने एखादा शब्द शोधायचा असेल तर:

    मेक २>&१ | ग्रेप एरर

इथे पाइप शेवटी लिहिलाय म्हणून तो शेवटी जोडला जातो असं वाटतं. तसं नाही. आधी १ पाइपला जोडला जातो, त्यानंतर कमांडमधली रिडायरेक्शन डावीकडून उजवीकडे होतात. म्हणून २>&१ च्या वेळी १ पाइपकडे बोट दाखवत असतो आणि २ ही तिकडे जातो. हे कळलं की वर निकामी ठरलेला उलटा क्रम अचानक कामाचा होतो:

    मेक २>&१ > /डेव्ह/नल | ग्रेप एरर

२ ला पाइपची नोंद मिळाली, मग १ ला /डेव्ह/नलकडे धाडलं. पाइपमध्ये फक्त एरर गेले.

बॅशमध्ये दोन्ही एकदम वळवायला &> आहे. टर्मिनलवर हाताने काम करताना ठीक, पण स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत /बिन/एसएच असेल तर ते टाळा. उबुंटूवर २००६ पासून ते नाव डॅश या दुसऱ्या शेलकडे जातं. डॅश &> ला & आणि > असं तोडून वाचतं: कमांड बॅकग्राउंडला जाते, फाइल रिकामी तयार होते, आउटपुट आणि एरर स्क्रीनवर येत राहतात, आणि डॅश स्वतः काहीच तक्रार करत नाही. > फाइल २>&१ सगळीकडे सारखं चालतं.

३ आणि पुढे

तीनपासून पुढचे नंबर तुमच्यासाठी मोकळे आहेत. कमांड न देता एक्झेकला नुसतं रिडायरेक्शन दिलं, तर बदल चालू शेलच्याच तक्त्यात होतो आणि टिकतो:

    एक्झेक ३>> प्रगती
    इको "बॅकअप सुरू" >&३
    एक्झेक ३>&-

शेवटच्या ओळीतला >&- म्हणजे नंबर बंद करणं. मोठ्या स्क्रिप्टमध्ये प्रगतीच्या नोंदी अशा वेगळ्या नंबरवर ठेवल्या, की १ आणि २ चं काही झालं तरी त्या शाबूत राहतात.

पण ३ चा सगळ्यात मोठा उपयोग मला पुढच्या ठिकाणी दिसतो. 'सर्व्हर' नावाच्या फाइलीत प्रत्येक ओळीवर एक होस्ट, म्हणजे एका सर्व्हरचं नाव, आहे आणि प्रत्येकावर एसएसएच वापरून दुरून एक कमांड चालवायची आहे:

    व्हाइल रीड -आर होस्ट; डू
      एसएसएच "$होस्ट" अपटाइम
    डन < सर्व्हर

पहिल्या सर्व्हरचं उत्तर येतं आणि लूप संपतो. एरर नाही, काही नाही. होतं असं की डनपुढच्या < ने लूपमधल्या सगळ्यांचा ० 'सर्व्हर' फाइलीकडे वळवला. रीडने एक ओळ घेतली. मग एसएसएचला तोच ० वारशाने मिळाला. पलीकडच्या कमांडला लागेल या समजुतीने एसएसएच ० वरचं सगळं वाचून तिकडे पाठवतो. वाचण्याची जागा सामायिक आहे, ती फाइलीच्या शेवटाला पोचली. रीड परत आला तेव्हा त्याच्यासाठी एकही ओळ शिल्लक नव्हती.

एसएसएचला -एन देऊन भागतं, पण लूपमध्ये ० वाचणारा दुसरा कुठला प्रोग्राम आला की तीच रड. यादीला वेगळा नंबर देणं जास्त भरवशाचं:

    व्हाइल रीड -आर होस्ट <&३; डू
      एसएसएच "$होस्ट" अपटाइम
    डन ३< सर्व्हर

आता यादी ३ वर आहे आणि ० पूर्वीसारखा टर्मिनलकडे, त्यामुळे पलीकडच्या कमांडला काही टंकून द्यायचं असलं तरी अडत नाही. ३ ही एसएसएचपर्यंत पोचू शकतो, पण तो त्यातून वाचायला जात नाही, आणि लूप शेवटच्या होस्टपर्यंत चालतो.